ओरडली का?

मैरोनं डोक्यावरचं फडकं सोडलं, एका टोकाला घट्ट गाठ मारली आणि ती गाठ पोरीच्या तोंडाशी धरली.

"घे. दातांत धर. कळ आली की चाव."

कुलसुमीनं तोंड उघडून गाठ आत घेतली आणि समोरच्या भिंतीकडे नजर लावली. भिंतीवर बाळाला अंगावर पाजणाऱ्या एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. कळ आली तशी पोरीची मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा वर आल्या, आणि कळ ओसरली तशी मान खाली आली. तोंडातून हूं नाही की चूं नाही. बघून मैरोचा ऊर भरून आला. का येऊ नये? ही पोर तिच्याच तर हाताखाली वाढली होती.

तशी कुलसुमी तिच्या भावाची, हामिदूची थोरली लेक. पण आम्हा गुराख्यांत पहिल्या लेकराचं नाव आई घेत नाही. चारचौघांत त्याला मांडीवर घेत नाही, त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढत नाही. लाजेची गोष्ट असते ती. मग त्या लेकराचे लाड करायला गोग्गो असते, बापाची बहीण. कुलसुमीच्या आईनं, सलामातूनं, सतरा वर्षांत लेकीला नावानं एक हाक मारली नव्हती. 'अगं ए' नाहीतर 'ती कुठंय' यावरच सगळं भागवलं. वेण्या घातल्या मैरोनं, गाईची धार काढायला शिकवली मैरोनं, आणि बाईनं दुखणं कसं गिळायचं तेही मैरोनंच शिकवलं.

पहिल्या बाळंतपणाला पोर माहेरी आली तेव्हा तिला तालुक्याच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात न्यायचं, हा हट्टही मैरोचाच. स्वतःची तीन लेकरं तिनं झोपडीतच जन्माला घालून झोपडीमागंच पुरली होती. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीतली एक चांगली धडधाकट सून तशीच बाळंतपणात गेली. तेव्हापासून मैरोनं भावाच्या मागं टुमणं लावलं होतं.

"तिथं बायका गुरांसारख्या हंबरतात," हामिदू म्हणाला होता. "परक्या बापयांच्या कानावर जातं. माझी लेक तिथं तोंड उघडणार नाही. जबाबदारी कुणाची?"

"माझी," मैरो म्हणाली होती.

आणि पहाटेच, भाड्यानं माणसं नेणाऱ्या डोकोच्या मोटारसायकलवर पोरीला मधे बसवून ती इथं आली होती.

हंबरण्याबद्दल मात्र हामिदू अगदी खरं बोलला होता. खोलीत चार खाटा आणि चारही भरलेल्या. पलीकडच्या खाटेवरची, बाया नावाच्या शेतकरी जमातीची बाई तर सकाळपासून नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत होती.

"अरे सामुएल, मुडद्या! ये आता इथं! ये, बघ काय करून ठेवलंयस! परत जवळ आलास तर तंगडं मोडीन तुझं!"

नवऱ्याचं नाव! भर दवाखान्यात, वर शिवीसकट! मैरोनं कानांवर हात ठेवले. कुलसुमीला हसू आलं. गाठीमागून तिचे गाल फुगले, आणि तेवढ्यात कळ आल्यानं हसू तिथंच राहिलं.

त्या बाईची आई खाटेशी शेंगा सोलत बसली होती. मामा बेर्त म्हणत होते तिला सगळे. अंगानं आडवी, तोंडानं फटकळ, पण बाजारात बसणारी असल्यानं तिला आमची बोलीही येत होती आणि सरकारी भाषाही.

"गोग्गो, तुमच्या पोरीला दुखत नाही का गं?" तिनं विचारलं. "काय पाजता काय तुम्ही? नुसतं दूधच ना?"

"दुखतं की. पण आम्ही आमचं दुखणं बाजारात मांडत नाही," मैरो म्हणाली.

"मांडलं नाही तर गिऱ्हाईक कसं यायचं, बाई?" मामा बेर्त हसली आणि मूठभर शेंगा मैरोच्या ओंजळीत टाकल्या.

त्या दिवशी गिऱ्हाईक एकच होतं, नर्स मादाम पेलाजी. दुसरी नर्स लस टोचायला दवाखान्याची गाडी घेऊन खेड्यांत गेली होती, आणि डॉक्टर नावाचा माणूस या दवाखान्यात कधी नव्हताच. मादाम दक्षिणेकडची, बदली होऊन येऊन वर्षही झालं नव्हतं. आदल्या दिवसापासून तिच्या पाठीला खाट लागली नव्हती. एका हातानं टाके घालायचे, दुसऱ्यानं बाळ पुसायचं, मधेच बाहेर जाऊन तापाच्या पोरांना गोळ्या द्यायच्या. एवढं सगळं निभायचं कशावर? तर कानांवर. बाहेरच्या खोलीत बसून ती आतल्या बायकांचे आवाज ओळखायची. ही नुसती घाबरून ओरडतेय, हिला वेळ आहे. ही आईला हाका मारतेय, अजून तासभर. हिनं आईला सोडून देवाला धरलं, चला, उठा. आणि खरंच, ती हातमोजे चढवून आत पोचायची तेव्हा बाळाचं डोकं दिसत असायचं. बायका म्हणायच्या, मादामच्या कानांत देव बसलाय.

सकाळी तिनं कुलसुमीलाही तपासलं होतं. लाकडी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकले, आत हात घालून पाहिलं. आमच्या बोलीतले तिला दहाबारा शब्द येत होते. त्यांतला एक तिनं वापरला.

"जाम ना?"

म्हणजे, ठीक आहे ना? वडीलधाऱ्या माणसानं असं विचारलं की त्याला एकच उत्तर असतं. घर जळत असलं तरी तेच. कुलसुमीनं गाठ तोंडातून काढली, मान खाली घातली आणि म्हणाली, "जाम."

"पहिलटकरीण आहे. वेळ लागेल," मादाम मामा बेर्तला म्हणाली. "सांग तिच्या आत्याला. जरा चालव म्हणावं. या गुराख्यांच्या बायका चिवट असतात बाई, यांना आपल्याएवढं दुखतच नाही."

मामा बेर्तनं शेवटचं वाक्य सोडून बाकीचं सांगितलं. मैरोनं पोरीला व्हरांड्यात चालवलं. इकडून तिकडं, तिकडून इकडं. खांबाशी कळ आली की कुलसुमी खांबाला कपाळ टेकायची, फडकं चावायची, आणि कळ गेली की पुन्हा चालायची.

"दमलीस?"

"नाही."

"मुलगा हवाय की मुलगी?"

पोरीनं खांद्यावरून मागं बघितलं. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. पण गोग्गोशी चालतं.

"मुलगी," ती हळूच म्हणाली. "तू वेण्या घालशील ना तिच्या? मला तर घालता येणार नाहीत. पहिली ना ती."

"घालीन की. आणि तुझ्यासमोर बसून घालीन, मुद्दाम. बस बघत."

उन्हं डोक्यावर आली तशी पोरीची चाल मंदावली. मग ती खांबाशी थांबली आणि पुढं निघेचना. मैरोनं तिला आत आणून खाटेवर टेकवलं. ओठ राखेसारखे दिसत होते. कपाळावर घाम होता आणि तो थंड होता. मैरोनं पोटावर हात ठेवला. कळ आली की पोट कडक होतं आणि गेली की सैल पडतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. हे पोट सैल पडत नव्हतं. ती हात ठेवून थांबली, बराच वेळ थांबली. पोट आपलं मडक्यासारखं कडकच.

"मधे थांबत नाही का गं दुखायचं?"

कुलसुमीनं डोळ्यांनीच नाही म्हटलं.

मैरो उठली. मादाम पलीकडं सामुएलच्या बायकोच्या दोन पायांमधे वाकली होती, कोपरांपर्यंत भिजलेली. मैरो बोलायला लागली तशी ती मान न वळवताच ओरडली, "नंतर, गोग्गो, नंतर!"

"पोट बघ तिचं. एकदा हात लाव, मग जा."

"काय म्हणतेय ती?" मादामनं विचारलं.

"म्हणतेय पोरीचं पोट बघा. काहीतरी बिनसलंय," मामा बेर्त म्हणाली.

मादामनं मान वर केली आणि पलीकडच्या खाटेकडं बघितलं. तिथं एक पोरगी पाठ ताठ करून गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, पाहुणी बसावी तशी. आणि इथं एक बाई गुरासारखी ओरडत होती आणि बाळाचा खांदा अडकला होता. मादामनं तिथूनच आवाज दिला.

"जाम ना?"

कुलसुमीनं गाठ तोंडातून काढली. ओठ ओले केले.

"जाम," ती म्हणाली आणि गाठ परत तोंडात घेतली.

"झालं तर!" मादाम म्हणाली आणि खाली वाकली.

मैरो परत आली. ती पोरीपुढं जमिनीवर बसली आणि तिचे गुडघे धरले.

"कुलसुमी, ओरड."

पोरीनं तिच्याकडं बघितलं, जणू ऐकण्यात काही चूक झाली.

"अगं ओरड. ही बाई कानांनी बघते. तू गप्प बसलीस तर तू तिला दिसतच नाहीस. ओरड माझे आई, एकदाच ओरड."

कुलसुमीनं गाठ काढली. तिला बोलायलाही श्वास पुरत नव्हता. "तूच म्हणालीस ना..."

"म्हणाले होते. आता मीच सांगतेय. मी कुणाला म्हणून सांगणार नाही. अल्लाची शपथ."

"इन्ना विचारेल."

इन्ना म्हणजे आई.

"मी आले की ती तेवढंच विचारेल," कुलसुमी म्हणाली. "तिला दुसरं काही विचारताच येत नाही माझ्याबद्दल. त्याला तरी नीट उत्तर मिळू दे तिला."

आणि तिनं गाठ पुन्हा दातांत धरली.

मग मैरो उठून उभी राहिली. केस पांढरे झालेली बाई, हामिदूची थोरली बहीण, जिच्यासमोर वस्तीतल्या सुना वाकून चालतात ती. तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं आणि ओरडली. आधी नीट जमलंच नाही. तिला सवय कुठं होती? घशातून नुसतीच खरखर निघाली. मग आवाज फुटला. तीन लेकरांच्या वेळचा गिळलेला आवाज तेवढ्यात सगळा बाहेर आला म्हणा ना. बाकीच्या बायका ओरडायच्या थांबल्या. बाहेर झाडाखाली बसलेले बापये उठून उभे राहिले. डोको मोटारसायकलपाशी होता, तोही दारापर्यंत आला.

पलीकडचं बाळ नुकतंच सुटलं होतं; ते तसंच आईच्या पोटावर ठेवून मादाम धावत आली. "काय झालं? बाळ आलं?" मग तिनं बघितलं की ओरडतेय ती म्हातारी. भडकली. "अगं बये, तुला काय झालंय? इथं मला मरायला फुरसत नाही आणि तू..."

मैरोनं तिचं मनगट धरलं आणि तिचा हात कुलसुमीच्या पोटावर दाबला.

मादाम बोलायची थांबली. तिनं दुसरा हात ठेवला. खालची पापणी ओढून बघितली. नळी लावली, जागा बदलून पुन्हा लावली, पुन्हा बदलली. ती नळी तिनं खाटेवर ठेवली तेव्हा मैरोला कळलं की आता ऐकण्यासारखं आत काही नाही. मादामनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलत राहिली, तेच तेच, रडवेल्या आवाजात.

"काय म्हणतेय?" मैरोनं विचारलं.

मामा बेर्तनं शेंगांची टरफलं झटकली. "म्हणतेय, आत रक्त साचलंय. म्हणतेय, सकाळपासून एकदा तरी आई गं म्हणायचंस, पोरी. एकदा तरी."

गाडी लसीच्या पेट्या घेऊन गेलेली. मोठ्या इस्पितळाचा रस्ता सगळा तांबड्या खड्ड्यांचा. राहिला डोको. मादामनं पोरीच्या हाताला सुई टोचून बाटली लावली, मैरोला पाठीमागं बसवलं, बाटली तिच्या हातात दिली आणि खुणेनं सांगितलं, उंच धर. मधे कुलसुमी. एका हातानं बाटली वर आणि एका हातानं पोरीला छातीशी घट्ट धरलेलं, अशी मैरो बसली. फडक्याची गाठ अजून पोरीच्या दातांत होती आणि दुसरं टोक मैरोच्या मांडीवर फडफडत होतं.

"थोडंच राहिलंय," मैरो तिच्या कानात सांगत राहिली. "ते बघ, आंब्याची झाडं आली. आता नदी येईल. नदीनंतर डांबरी रस्ता. डांबरी लागली की काही नाही."

कुलसुमी गप्प होती. ती सकाळपासूनच गप्प होती. तेव्हा ती कधी गेली हे मैरोला कळलं नाही. नदीच्या अलीकडं का पलीकडं, आजही सांगता येत नाही तिला. डांबरी लागली, धक्के थांबले, आणि फडकं मैरोच्या मांडीवर घसरून पडलं. दातांनी सोडलं होतं.

"डोको," ती म्हणाली. "फिरव."

डोकोनं मागं वळून बघितलं. मोटारसायकल बाजूला घेतली आणि उभी केली. मैरोचा हात अजून वरच होता, बाटली धरलेला. तिचं बोट न् बोट डोकोनं सोडवलं.

मातीला उशीर करायचा नसतो. सूर्य बुडायच्या आत बापयांनी कुलसुमीला पोटातल्या लेकरासकट मातीत ठेवलं. सलामातू त्या वेळी चुलीशी दूध गाळत होती. रडली नाही. तिला रडायचं नव्हतंच, पहिली लेक ना. गाळलेलं दूध तिनं पुन्हा गाळलं, मग पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका जमल्या. सलामातूच्या झोपडीपुढं चटया टाकल्या. मैरो मधे बसली. शेजारी म्हातारी बिंता, वस्तीतल्या सगळ्यांत थोरल्या घरची. तिच्यापलीकडं खांबाला टेकून आस्ता, हामिदूच्या धाकट्या भावाची लेक, हीसुद्धा पहिलटकरीण, पोट चांगलंच दिसायला लागलेलं. दाराशी कुलसुमीची धाकटी बहीण रमातू उभी.

सलामातू आतून आली. भोपळ्याच्या वाडग्यात ताजं दूध होतं. तिनं ते दोन्ही हातांनी मैरोपुढं ठेवलं आणि समोर बसली. आता ती काय विचारणार ते सगळ्यांना माहीत होतं.

"ओरडली का?"

आवाज कोरडा होता. पण वाडग्याच्या काठावर तिची बोटं तशीच राहिली होती, आणि डोळे मैरोच्या तोंडावर. सतरा वर्षांत जे म्हणून लेकीबद्दल बोलायचं राहिलं होतं ते सगळं तिनं त्या एका प्रश्नात घातलं होतं. मैरोच्या ओठांवर उत्तर होतं. नाही, सलामातू. एकदाही नाही. तुझ्यासाठी नाही. फडकं तिच्या कमरेला आतून बांधलेलं होतं. दातांनी आरपार भोक पडलं होतं त्याला. ते काढून सलामातूच्या मांडीवर ठेवायचं, की संपलं. आईला जन्मभर पुरलं असतं तेवढं.

"ती कशाला ओरडते!" बिंतानंच मधे तोंड घातलं. "आपल्या घरची पोर आहे. गेली, पण मान ताठ ठेवून गेली. ऐकतेयस ना, आस्ता? अशी असते बाई. आता तुझी पाळी."

आस्तानं मान डोलावली. आणि मैरोला दिसलं की पोरीनं ओठ मिटले आणि एकमेकांवर दाबून धरले, पांढरे पडेपर्यंत. करून बघत होती ती.

"ओरडली," मैरो म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही आधी.

"ओरडली," ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. "पण फार उशिरा. सकाळपासून गप्प बसली, म्हणून तिच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. ओरडली तेव्हा नर्स धावत आली. हात लावला आणि रडायला लागली. म्हणाली, ही सकाळीच ओरडली असती तर वाचली असती. तिथं जी ओरडते तिच्याकडं आधी येतात. जी गप्प बसते ती मरते."

एका शब्दाशिवाय सगळं खरं होतं.

"मग फडकं?" बिंतानं विचारलं. "फडकं कुठंय?"

"थुंकलं तिनं. पडलं कुठंतरी रस्त्यात."

सलामातू उठली. तिनं दुधाचा वाडगा उचलला, आत गेली आणि दूध मोठ्या मडक्यात परत ओतलं. ओतल्याचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू आला. आस्ता मात्र जागची हलली नव्हती. ओठ दाबायचे विसरली होती.

त्यानंतर मैरोला कुणी बोलावलं नाही. घरात शिरून हाकलून दिलं असंही नाही, तसलं काही आमच्यात करत नाहीत. फक्त बारशाला निरोप यायचा थांबला. सुना समोर आल्या की वाकायच्या आणि वाकूनच दुसऱ्या वाटेनं निघून जायच्या. हामिदूनं एकदाच तोंड उघडलं. "जबाबदारी माझी म्हणाली होतीस," तो म्हणाला. मैरोनं मान खाली घातली. त्याला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मेलेल्या पोरीला तिनं बदनाम केलं होतं, आणि रोज रात्री अंथरुणात ती त्या पोरीची माफी मागत होती.

कोरडे दिवस सरत आले तेव्हा एका सकाळी डोको दुधासाठी तिच्या दाराशी येऊन थांबला. मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच हसत होता.

"गोग्गो, तुमच्यातली ती आस्ता! काल मीच नेली दवाखान्यात. अगं काय आवाज, काय आवाज! रस्त्यापासूनच सुरुवात. बाजारातली माणसं दुकानं टाकून बघायला आली. मादाम पेलाजी जेवत होती, ती हातातला घास टाकून पळाली. गुराख्याची पोर आणि ओरडते, म्हणजे काहीतरी भयंकर असणार म्हणाली! काय लाजबीज उरली नाही बघ तुमच्यात."

"मग?" मैरोनं विचारलं. दुधाचं भांडं तिच्या हातात तसंच होतं. "मग काय झालं?"

"काय व्हायचंय? मुलगा झाला. रक्त बरंच गेलं म्हणे, पण मादाम तिथंच होती, थांबवलं. दोघं धड आहेत. म्हातारी बिंता लाजेनं तोंड लपवून बसलीय व्हरांड्यात."

मैरोचा जीव भांड्यात पडला. तिनं डोकोला दूध मोजून न देता भांडंच्या भांडं दिलं आणि आत येऊन बसली. मग पेटी उघडून फडकं काढलं. धुऊन घडी घालून ठेवलेलं. गाठ तिनं कधी सोडली नव्हती. गाठीवर दातांच्या दोन ओळी तशाच होत्या, आणि मधोमध भोक.

आता द्यायला हरकत नव्हती. आस्ता सुटली होती. आईला तिची लेक परत द्यायची, आणि मग आपल्याला खोटारडी म्हणेनात का सगळे. फडकं पदराआड धरून ती भावाच्या झोपडीकडं निघाली. कितीतरी दिवसांनी तिला पाय हलके वाटत होते.

सलामातू दाराबाहेर चटईवर एकटीच बसली होती. तिनं मैरोला बघितलं आणि थोडी बाजूला सरकली. बस म्हणाली नाही, पण जागा केली. मैरो बसली. झोपडीत कुणीतरी उखळात मेंदीचा पाला कुटत होतं. हिरवा वास बाहेरपर्यंत येत होता.

"रमातूचं ठरलं," सलामातू म्हणाली. "येत्या चंद्राला."

"अल्ला बरं करो."

मुसळाचा आवाज एकसारखा चालू होता. सलामातूनं इकडं तिकडं बघितलं. गुरं लांब गेली होती आणि जवळपास कुणी नव्हतं. ती मैरोकडं झुकली. मग ती जे बोलली ते मैरोनं जन्मात तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"कुलसुमी," सलामातू म्हणाली. नाव तिच्या तोंडात अडखळलं, कधी न उच्चारलेलं. "कुलसुमी... खरंच ओरडली होती का गं?"

आत मुसळ थांबलं.

मैरोच्या मुठीत फडक्याची गाठ होती. सलामातूचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. कुडापलीकडं रमातू श्वास रोखून उभी असणार, हे बघायला मैरोला आत जायची गरज नव्हती.

"ओरडली," मैरो म्हणाली.

थोड्या वेळानं आत पुन्हा कुटायला सुरुवात झाली.